कुणाकडनं आली ही जुळी?

मुली आता सहा वर्षांच्या आहेत, तरी हा प्रश्न थांबलेला नाही. एसटीत, लग्नात, आठवडी बाजारात कुणीतरी दोघींकडे बघतं, मग माझ्याकडे बघतं आणि विचारतं, "जुळ्या हायत व्हय? कुणाकडनं आली ही जुळी?" पूर्वी मी "देवाची कृपा" म्हणून पुढं निघायचे. आता थांबते आणि सांगते. कारण विचारणाऱ्यांतली एखादी थोड्या वेळानं मला बाजूला घेते आणि हळू आवाजात म्हणते, "बाई, कुठली गोळी घेतली हुती?" त्या दुसऱ्या प्रश्नासाठी हे सगळं लिहिते आहे.

मी तासगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरची द्राक्षबाग आहे, ती हे बघतात. लग्नाच्या वेळी मी २९ वर्षांची होते. दोन वर्षांनी दिवस राहिले आणि नवव्या आठवड्यात गर्भ पडला. त्यानंतर चार वर्षं काहीच नाही. पाळी कधी ४० दिवसांनी, कधी दोन-दोन महिने गायब. एका दवाखान्यात पीसीओडी, म्हणजे अंडाशयात अंडी वेळेवर पिकत नाहीत तो आजार, सांगितला आणि गोळ्या लिहून दिल्या. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस घ्यायच्या, मग महिनाभर वाट बघायची. असं सहा महिने चाललं. त्या सहा महिन्यांत एकदाही सोनोग्राफी करून बघितलं नाही, की गोळी काम करते आहे का, अंडी किती तयार होत आहेत. ती गोळी क्लोमिफेन होती, हे मला पुढं कळलं. तिच्यानं दिवस राहिलेल्या शंभर बायकांतल्या सात-आठ जणींना जुळी राहतात, हेही पुढंच कळलं. लिहून देणाऱ्यानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं, याचा राग माझ्या मनात अजून आहे.

मग आम्ही मिरज गाठली. आमच्या भागात अवघड दुखणं आलं की माणूस मिरजेलाच जातो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्या दिवशी औषध दिलंच नाही. तासभर नुसते प्रश्न विचारले. पाळी, वजन, उंची, थायरॉइड, घरातली आजारपणं, आणि त्यातच एक, "तुमच्या माहेरी कुणाला जुळी आहेत?"

आईच्या मावशीला झाली होती, एक मुलगा आणि एक मुलगी. मॅडमनी ते लिहून घेतलं. सोबत सासूबाई होत्या, मी त्यांना आत्या म्हणते. त्या लगेच म्हणाल्या, "आमच्यातबी हायत की. माझ्या सासूला झालती आवळीजावळी. पोरगा म्हंजे ह्येचे वडील. पोरगी जगली न्हाई." मॅडमनी ऐकून घेतलं, मान हलवली, पण लिहिलं नाही. आत्यांना ते लागलं. परतीच्या एसटीत खिडकीतून बाहेर बघत त्या म्हणाल्या, "आमचं लिवलं न्हाई बाईनं."

कारण मलाही कळलं नव्हतं. पुढच्या खेपेला मी विचारलं, आणि मॅडमनी एका कागदावर गोल काढून समजावलं. तो कागद माझ्या फाइलमध्ये अजून आहे.

जुळी दोन तऱ्हेची. एकात एकच अंडं फळतं आणि पहिल्या काही दिवसांत त्याचेच दोन भाग होतात. ती दिसायला हुबेहूब, दोन्ही मुलगे नाहीतर दोन्ही मुली. अशी जुळी जगात सगळीकडे जवळजवळ सारख्याच प्रमाणात होतात, हजार बाळंतपणांत तीन-चार. ती सहसा घराण्यातून येत नाहीत, वयानं वाढत नाहीत. दुसऱ्या तऱ्हेत एकाच महिन्यात दोन अंडी सुटतात आणि दोन्ही फळतात. म्हणजे ती साधी भावंडंच, फक्त एका वेळी पोटात वाढलेली. घराणं, वय, उंची, औषध, जे काही आपण ऐकतो ते सगळं या दुसऱ्या तऱ्हेला लागू.

आणि दोन अंडी सोडणं हे बाईच्या अंडाशयाचं काम. म्हणून बाईचं माहेर विचारायचं. तो गुण तिला आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येऊ शकतो. पण नवऱ्याच्या आजीला जुळी झाली म्हणून सुनेच्या अंडाशयातून दोन अंडी सुटत नाहीत. आत्यांचं लिहिलं गेलं नाही ते एवढ्यासाठी. मी घरी येऊन त्यांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

सगळं फिरतं ते एफएसएच नावाच्या हार्मोनभोवती. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून ते निघतं आणि अंडाशयातल्या अंड्यांना वाढायला लावतं. नेहमी एक अंडं पुढं जातं आणि बाकीची मागं सुकतात. हे हार्मोन जरा जास्त निघालं, किंवा अंडाशय त्याला जरा जास्त ऐकणारं असलं, तर दोन पुढं जातात. २०१६ साली संशोधकांना जुळ्यांशी जोडलेली दोन जनुकं सापडली, त्यातलं एक हे हार्मोन तयार होण्याशी आणि दुसरं अंडाशयाच्या या ऐकण्याशी संबंधित आहे. पस्तिशीनंतर जुळ्यांचं प्रमाण का वाढतं, त्याचंही उत्तर इथंच. अंडाशयातला साठा कमी होत जातो, तसा पिट्युटरीचा जोर वाढतो. मला माझा वर्ग आठवला. हात वर करणारी मुलं कमी झाली की बाई आवाज चढवून विचारते, आणि मग एखाद्या वेळी दोघं एकदम उभे राहतात. मात्र त्याच वयात दिवस राहण्याची शक्यता मुळातच घसरत असते. "पस्तिशीनंतर जुळी होतात म्हणून थांबू" असं कुणी म्हणत असेल तर तो विचार अर्ध्या माहितीवरचा आहे.

बाकीच्या गोष्टीही त्यांनी सांगितल्या. आधी बाळंतपणं झालेल्या बाईला शक्यता जास्त. उंच बाईला जास्त. वजन बरंच जास्त असलेल्या बाईला जास्त. माझी उंची पाच फूट सहा इंच आणि तेव्हा वजन ८६ किलो. वजनाचं ऐकून मला क्षणभर बरं वाटलं, पण मॅडम म्हणाल्या, "ते आधी कमी करायचं. पीसीओडीत पाच-सहा किलो उतरले तरी पाळी सुधारते. जुळ्यांसाठी वजन राखणं म्हणजे साखर आणि बीपी घरात बोलावणं." मी रोज पहाटे बागेच्या बांधावरून चालायला लागले आणि सहा महिन्यांत ८० वर आले.

त्या दिवसांत टीव्हीवर केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोडिन्ही गावाची बातमी बघितली. गल्लीगल्लीत जुळी. मी मॅडमना विचारलं, तिथल्या पाण्यात काही आहे का? त्यांनी सांगितलं, तिथं जाऊन अनेकांनी अभ्यास केला, ठाम कारण हाती आलेलं नाही. आशियात एकूणच जुळी कमी. सगळ्यात जास्त नायजेरियाच्या योरुबा लोकांत, तिथलं इग्बो-ओरा हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथले लोक आपल्या सुरणासारख्या कंदाला कारण मानतात, आपल्याकडे जोडकेळ्याला मानतात.

जोडकेळ्याचं सांगायलाच हवं. लहानपणी घडात एकमेकांना चिकटलेली दोन केळी निघाली की आई ती माझ्या हातून काढून घ्यायची. "पोरीनं खायचं नसतंय, जुळी होत्यात." आणि आता ३५ व्या वर्षी शेजारच्या काकूंनी तसंच केळं मुद्दाम आणून दिलं. मी ते खाल्लं. मूल हवं असलेली बाई काय काय करते, हे जिनं भोगलंय तिलाच कळेल.

कारण मला जुळीच हवी होती. हे मी कुणाला बोलले नव्हते, ह्यांनाही नाही. लोकांना वाटतं, एकदाच दोन झाली की सुटलो म्हणून बायका जुळी मागतात. माझं कारण वेगळं होतं. एक गमावलं होतं. मनात धरून बसले होते की दोन असली तर एक गेलं तरी एक राहील. शेवटी एका भेटीत धीर करून मॅडमना म्हटलं, "डोस वाढवा ना, दोन होऊ देत." आणि हे कारणही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "दोन असली की धोका वाटला जाऊन निम्मा होत नाही, वाढतो. एकाला त्रास झाला की बाळंतपण दोघांचं लवकर होतं. जुळ्यांतली निम्म्याहून जास्त ३७ आठवड्यांच्या आधी जन्मतात. मला तुमच्या पोटात एकच मूल हवंय, पूर्ण दिवसांचं." मी रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि डोस वाढवला नाही.

पहिले तीन महिने लेट्रोझोलच्या गोळ्या. पीसीओडीत आता हेच आधी देतात. यात जुळ्यांचं प्रमाण क्लोमिफेनपेक्षा कमी, शंभरात तीन-चार. पाळीच्या नवव्या दिवसापासून एक दिवसाआड फॉलिक्युलर स्टडी. म्हणजे पहाटेची एसटी, मिरजेत सोनोग्राफी, साडेदहाला पुन्हा शाळेत हजर. अंडं जिच्यात वाढतं ती पाण्याची पिशवी किती मिलिमीटरची झाली ते मोजायचं. १८ ते २० झाली की ती फुटण्यासाठी इंजेक्शन. तिन्ही महिने एक-एक अंडं व्यवस्थित तयार झालं, फुटलं, आणि पाळी आली.

मग इंजेक्शनं सुरू केली. गोळी मेंदूला चकवून एफएसएच वाढवते, तर या इंजेक्शनात ते हार्मोनच असतं. मॅडमनी आधी बसवून सांगितलं की यात दिवस राहिलेल्या शंभरातल्या २५-३० जणींना एकापेक्षा जास्त गर्भ राहू शकतात. रोज ७५ युनिट. पोटात, बेंबीच्या बाजूला, मी स्वतः टोचायला शिकले.

बाराव्या दिवशी सोनोग्राफी होती. तासगावच्या गणपतीचा रथ त्याच दिवशी. आमच्या गावचा गणपती दीड दिवसाचा, दुसऱ्या दिवशी रथ ओढतात आणि सगळा तालुका लोटतो. हे बरोबर आले होते, संध्याकाळपर्यंत परत येऊन रथाचा दोर धरायचा म्हणून. मॅडमनी पडद्यावर मोजलं. उजवीकडे तीन, डावीकडे एक, चारही १६ ते १८ च्या मधल्या. मला आनंद झाला. चार! मॅडमनी मशीन पुसलं आणि म्हणाल्या, "ही सायकल, म्हणजे या महिन्याचा उपचार, इथंच थांबवायचा. फोडायचं इंजेक्शन देणार नाही. आणि पुढचे दहा दिवस संबंध टाळायचे."

ह्यांचा आवाज चढला. पाच वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना दवाखान्यात असं बोलताना ऐकलं. "औषधाला यश आलंय, आणि तुम्ही थांबा म्हणताय? एवढी इंजेक्शनं घेतली तिनं." मॅडम शांत होत्या. चार फळली तर काय, तीन फळली तर काय, हे त्यांनी एकेक करून सांगितलं. सहाव्या-सातव्या महिन्यात होणारी बाळंतपणं, हाताच्या पंजाएवढी मुलं. आणि मग, ते टाळायचं असेल तर पोटातले गर्भ कमी करावे लागतात, म्हणजे काय ते. अंडाशय सुजून पोटात पाणी साठू शकतं तेही.

परतीच्या वाटेवर बराच वेळ हे बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी दरवर्षी तेच करतो की." बागेत छाटणीनंतर वेल फुटते तेव्हा घड भरमसाट दिसतात. सगळे ठेवले तर एकाचेही मणी फुगत नाहीत, साखर भरत नाही, आणि पुढच्या वर्षी वेलच बसते. म्हणून जादा फुटी काढायच्या, घडांची विरळणी करायची, वेलीला झेपेल तेवढंच ठेवायचं. "पण घड कात्रीनं काढता येतो," ते म्हणाले आणि पुढं बोलले नाहीत. रथ निघून गेला होता. आम्ही देवळात जाऊन आलो.

ती थांबवलेली सायकल हे त्या डॉक्टरनी माझ्यासाठी केलेलं सगळ्यात मोठं काम आहे, असं मला आज वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा मी महिनाभर त्यांच्यावर चिडून होते.

ऑक्टोबरात पाळी आली आणि डोस निम्मा केला, साडेसदतीस युनिट. बागेत छाटणी चालू होती. हे छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावणाऱ्या बायकांना सोडून मला मिरजेला न्यायचे आणि परत येऊन संध्याकाळपर्यंत बागेत. यावेळी दोनच पिशव्या वाढल्या, एक १९ ची, एक १८ ची. मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "दोन आहेत. म्हणजे जुळ्यांची शक्यता आहे हे मान्य करून पुढं जायचं, नाहीतर थांबायचं. तुम्ही ठरवा." मी ३६ वर्षांची होते. आम्ही सही केली. अष्टमीच्या रात्री इंजेक्शन, त्यानंतर ३६ तासांनी आययूआय, म्हणजे नवऱ्याचं वीर्य नळीनं थेट गर्भाशयात सोडणं. दसऱ्याचं सोनं यावेळी घरी जाऊन वाटता आलं नाही.

दिवाळीच्या आठ दिवस आधी रक्ताचा रिपोर्ट आला. दिवस राहिले होते. घरात फक्त आम्हा दोघांना माहीत. फराळ करताना तेलाच्या वासानं मला मळमळायचं आणि आत्या काही न विचारता झारा माझ्या हातातून घ्यायच्या. त्यांना कळलं होतं.

दिवाळीनंतर सोनोग्राफी. फॉर्म भरला, गर्भलिंग तपासणार नाही या कागदावर सही केली, आणि आत गेले. पडद्यावर दोन काळे ठिपके. एकात ठोका दिसला, दुसऱ्यात नीट दिसेना. मॅडम म्हणाल्या, "आत्ता दोन म्हणू नका कुणाला. सुरुवातीला दोन दिसतात आणि कधी कधी त्यातलं एक आपोआप विरून जातं. त्यात तुमची काही चूक नसते." दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. ते दोन आठवडे मी कसे काढले ते सांगता येत नाही. वर्गात मुलांना पाढे म्हणायला लावायची आणि माझं लक्ष पोटाकडे. एक राहिलं तरी चालेल, असं मी मनात म्हणायची, आणि लगेच वाटायचं की हे म्हणणं त्या दुसऱ्याला ऐकू जाईल.

दोन्ही ठोके चालू होते. मॅडमनी आवाज ऐकवला, आधी एकाचा, मग दुसऱ्याचा. दोन्हींची लय वेगळी.

बाराव्या आठवड्यातली सोनोग्राफी जुळ्यांसाठी फार महत्त्वाची, हे जुळी राहिलेल्या प्रत्येकीनं लक्षात ठेवावं. दोघांची वार, म्हणजे प्लॅसेंटा, एक आहे की वेगळी, हे तेव्हाच सगळ्यात स्पष्ट दिसतं. मधला पडदा वारेला जिथं चिकटतो तिथं त्रिकोणी जाडी दिसली तर वारा दोन, पडदा पातळ आणि सरळ काटकोनात भिडला तर वार एक. वार एक असली तर रक्त एकीकडून दुसरीकडे वाहण्याचा धोका असतो, म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी तपासावं लागतं. माझ्या पडद्यावर त्रिकोण होता. दोन वेगळ्या वारा. महिन्यातून एकदा तपासणी पुरेशी होती.

बागेत विरळणी चालू असताना मी मळमळून आडवी असायची. बेदाण्याच्या हंगामात हिमोग्लोबिन नऊवर आलं, शिरेतून लोह दिलं. सातव्या महिन्यात आत्यांनी डोहाळजेवण केलं, ओटीत सगळं दोन-दोन घातलं. ३४ व्या आठवड्यात बीपी चढलं. मुलांच्या फुप्फुसांसाठी मला इंजेक्शनं दिली, आणि मृगाच्या तोंडावर, ३५ आठवडे पूर्ण होताना, सिझेरियन केलं.

दोन मुली. थोरली २ किलो १०० ग्रॅम, धाकटी १ किलो ८००. थोरली चौथ्या दिवशी माझ्याकडे आली. धाकटीला बारा दिवस पेटीत ठेवलं होतं. काचेतून तिच्या तळपायाला हात लावायची तेवढी परवानगी. नंतर नर्सनी तिला कपड्यांशिवाय माझ्या छातीवर ठेवायला शिकवलं, तासन् तास तशीच. डॉक्टरनी एक मूल पूर्ण दिवसांचं का मागितलं होतं, हे मला त्या बारा दिवसांत समजलं. माझ्या मुली माझ्यासाठी काय आहेत हे मला शब्दांत सांगता येणार नाही, आणि तरीही जुळी मागू नका हे मी सांगते. दोन्ही खरं आहे.

दोन्ही मुलीच म्हणून बघायला आलेल्या काहींचे चेहरे पडले. त्यांच्याबद्दल मला इथं लिहायचं नाही.

दोघी एकाच अंड्याच्या की दोन? वारा वेगळ्या असल्या म्हणजे अंडी दोनच असं नसतं, एका अंड्याच्या जुळ्यांतही सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या वारा वेगळ्या असतात. पण रक्तगट आले तेव्हा शंका राहिली नाही. माझा ओ, ह्यांचा बी. थोरली बी, धाकटी ओ. एका अंड्यातून रक्तगट दोन निघत नाहीत.

मग कशामुळं झाली? वय, उंची-वजन, आईची मावशी, इंजेक्शन. चारही गोष्टी माझ्याकडे होत्या. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, इंजेक्शनाचा वाटा सगळ्यात मोठा, ते आपण पडद्यावर बघितलं. पण त्याच महिन्यात माझ्याच वयाच्या आणखी एकीला तोच डोस दिला होता, तिला एकच अंडं आलं. तेवढ्या डोसात माझ्या अंडाशयानं दोन का वाढवली, त्यात मावशीआजीचं किती आणि माझ्या वयाचं किती, हे वेगळं काढता येत नाही.

म्हणून गोळीचं नाव विचारणाऱ्या बायकांना मी नाव सांगत नाही. आमच्या शाळेतली एक नवी शिक्षिका, २७ वर्षांची, पाळी घड्याळासारखी, तिला एकदाच दोन हवी होती. मी तिला वर्ग सुटल्यावर तासभर धरून बसवलं आणि इथं लिहिलंय ते सगळं सांगितलं. ती ऐकून गेली. दुसऱ्या एका ओळखीच्या बाईला कुणी सांगणारं भेटलं नाही. तिनं मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणून घेतल्या, सोनोग्राफी एकही नाही. अंडाशय सुजले, पोट दुखून ती चार दिवस दवाखान्यात होती. ज्या बाईचं अंडं दर महिन्याला आपापलं सुटतं, तिनं दोन सुटावीत म्हणून औषध घेऊ नये. आणि जिला औषधाची खरीच गरज आहे, तिनं "किती अंडी तयार झालीत ते बघणार का, जास्त झाली तर थांबवणार का" एवढं विचारल्याशिवाय पहिली गोळी गिळू नये.

गेल्या महिन्यात मुलींच्या लसीकरणाच्या कार्डांची फाइल लावत होते. शेवटच्या पानावर मी दोघींसाठी लिहून ठेवलं आहे, मोठ्या झाल्यावर त्यांच्या डॉक्टरला सांगता यावं म्हणून. रक्तगट. अंडी दोन, वारा दोन. आईला पीसीओडी, इंजेक्शनचा डोस एवढा. आजीच्या मावशीला जुळी. आत्या शेजारी बसून भाजी निवडत होत्या. मी त्यांना म्हटलं, "आत्या, तुमच्या सासूबाईंचंही लिहायचंय. तुमच्याकडचं माझ्यापर्यंत येत नव्हतं, पण ह्यांच्याकडून पोरींत उतरलं असेल. त्यांच्या वेळी ते मोजावं लागेल."

आत्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "मग लिव की," म्हणाल्या. मी लिहिलं, वडिलांच्या आजीला जुळी, एक मुलगा आणि एक मुलगी. त्या वाकून बघत होत्या. मग त्यांनी त्या मुलीचं बारशात ठेवलेलं नाव सांगितलं. घरात इतकी वर्षं राहून मी ते पहिल्यांदा ऐकलं. तीन महिन्यांची होऊन गेली ती. आत्या म्हणाल्या, "ते बी लिव," आणि मी कंसात तेही लिहिलं.